बापाचे चट्टे पिकत नाहीत, लेकराचं इसब मात्र सारखं पिकतं, असं का?

निलंगा तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं विचारलंय: मला बऱ्याच वर्षांपासून सोरायसिस आहे, कोपरं, गुडघे आणि डोक्यात. रोज शेणामातीत हात असतात, चट्टे फुटून रक्त येतं, पण त्यांत कधी पू झाला नाही. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला इसब आहे. त्याला आम्ही मातीत जाऊ देत नाही, तरी महिन्या-दोन महिन्यांनी ते पिकतंच. कुणीतरी सांगितलं की अंगातच जंतू मारणारी पेप्टाइडं असतात आणि पोराची कमी पडत असतील. ती वाढवायची गोळी किंवा पावडर मिळते का? व्हिटॅमिन डी दिलं तर वाढतात का? आणि घरात दुसरं बाळ येणार आहे, त्याला हे होऊ नये म्हणून काय करावं?

गोळीचं आधी सांगून टाकतो. अशी गोळी नाही, पावडरही नाही. या नावानं कुणी काही विकत असेल तर ते पैसे पोराच्या मलमाला ठेवा. पण ज्यानं तुम्हाला हे सांगितलं तो अर्धा बरोबर आहे. मुलाच्या कातडीत ही पेप्टाइडं खरंच कमी पडतात. उरलेला अर्धा भाग त्यानं सांगितला नाही. तुमच्या कातडीत ती फार जास्त झालेली आहेत, आणि तुमचा आजार पेटता ठेवण्यात त्यांचाही हात आहे. म्हणजे 'वाढवायची कशी' या प्रश्नाला तुमच्या एकाच घरात दोन उलटी उत्तरं आहेत.

लातूर-नांदेडकडच्या कुठल्याही त्वचारोगाच्या ओपीडीत तासभर बसलं तरी हा फरक दिसतो. सोरायसिसचा माणूस येतो. चट्ट्यावर पांढऱ्या खपल्यांचे थर, खपली ओढली की खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके. कातडी जागोजागी उघडी, तरी पू नाही. त्याच्या मागच्या नंबरला इसबाचं लेकरू असतं. कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत ओल, मधाच्या रंगाच्या खपल्या, जांघेत अवधाण. २००२ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या संशोधकांनी दोन्ही आजारांच्या रुग्णांच्या कातडीचे तुकडे घेऊन तुलना केली. सोरायसिसच्या चट्ट्यात एलएल-३७ आणि बीटा-डिफेन्सिन-२ ही दोन पेप्टाइडं भरपूर सापडली. इसबाच्या चट्ट्यातही सूज होतीच, पण ही दोन्ही फारच कमी होती.

पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचाच लहान भाऊ, अमिनो आम्लांची आखूड साखळी. मोठ्या प्रथिनात ही आम्लं शेकड्यांनी असतात, या पेप्टाइडांत साधारण बारा ते पन्नास. एलएल-३७ मध्ये सदतीस. कातडीच्या पेशी ती बनवतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी ती साठवून ठेवतात, आतड्याच्या अस्तरातल्या खास पेशी ती सोडतात. घाम, लाळ, अश्रू, आईचं दूध, सगळ्यांत त्यांची कुठली ना कुठली जात असतेच. नवा जंतू आला तर अँटीबॉडी तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा जातो. पेप्टाइडं तयारच असतात किंवा काही तासांत बनतात. कोविडनंतर अँटीबॉडी हा शब्द पारावरच्या गप्पांतही आला, पण तिच्या कितीतरी आधीपासून पहाऱ्यावर असलेल्या या थराबद्दल फारसं कुणी विचारत नाही.

तो किती जुना आहे हे कळायला रेशमाचा किडा बघा. जालना-बीडकडे तुती लावून कोष काढणारे शेतकरी तुमच्या ओळखीत असतील. किड्याला अँटीबॉडी बनवताच येत नाही. तरी तो पाल्यावरच्या हजार जिवाणूंना पुरून उरतो. स्वीडनमध्ये हान्स बोमान यांनी सेक्रोपिया नावाच्या मोठ्या रेशीमपतंगाच्या प्युपाला, म्हणजे कोषात झोपलेल्या अवस्थेत, जिवाणू टोचले. काही काळानं त्याच्या अंगातला द्रवच जिवाणू मारायला लागला. १९८१ मध्ये त्यांच्या गटानं त्यातली पेप्टाइडं वेगळी काढली, ती सेक्रोपिनं. १९८५ मध्ये माणसाच्या पांढऱ्या पेशींतली डिफेन्सिनं पुढे आली. १९८७ मध्ये अमेरिकेत मायकेल झॅस्लॉफ यांना बेडकांनी कोड्यात टाकलं. ते आफ्रिकन बेडकांची अंडाशयं प्रयोगासाठी काढायचे, टाके घालायचे आणि बेडूक पुन्हा त्याच गढूळ टाकीत सोडायचे. जखमा चिघळायला हव्या होत्या, पण चिघळत नव्हत्या. त्या बेडकांच्या कातडीतून त्यांनी मॅगेनिन काढलं. रेशीमवाल्यांना एक गोष्ट मात्र चांगली माहीत आहे, ग्रासरी आली की अख्खी बॅच हातची जाते. तो विषाणूचा रोग, आणि तिथे किड्याची ही सगळी तयारी तोकडी पडते. पेप्टाइडांना कुणी रामबाण म्हणालं की मला हमखास ग्रासरी आठवते.

जंतू मरतात आणि आपली पेशी वाचते, ते कसं? बहुतेक पेप्टाइडांवर धन विद्युतभार असतो. जिवाणूच्या बाहेरच्या पटलावर ऋण भार, म्हणून ती तिकडे ओढली जातात. त्यांची एक बाजू पाण्याला धरून असते, दुसरी तेलाला. तेलाच्या बाजूनं ती पटलात शिरतात, भोकं पाडतात किंवा पटलच विस्कटून टाकतात. आतले क्षार आणि पाणी बाहेर गळतं आणि जिवाणू मरतो, बऱ्याचदा काही मिनिटांत. आपल्या पेशीचं बाहेरचं पटल जवळपास भाररहित असतं आणि त्यात कोलेस्टेरॉल असतं, त्यामुळे तिथे ती सहजी घुसत नाहीत. सोयाबीनमधलं निवडक तणनाशक तण जाळतं आणि पीक सोडतं, तसाच हा प्रकार. आणि डोस वाढला की सोयाबीनही करपतं, तेही इथे लागू आहे. एलएल-३७ प्रमाणाबाहेर साचलं की आपल्याच पेशींना इजा करतं. शिवाय मारणं हे त्यांचं एकच काम नाही. पांढऱ्या पेशींना जागेवर बोलावणं, जखमेत नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करणं हीही कामं ती करतात, आणि गोंधळ बहुधा या दुसऱ्या कामांतून होतो.

आता तुमचे चट्टे. बीटा-डिफेन्सिन-२ हे पेप्टाइड सापडलं तेच मुळी सोरायसिसच्या खपल्यांत, १९९७ मध्ये, जर्मनीतल्या कील शहरात. एरवी अंथरुणावरून झाडून टाकायच्या त्या खपल्या संशोधकांनी गोळा केल्या, त्यांचा अर्क काढला आणि त्यातून जिवाणूला चिकटणारा पदार्थ वेगळा केला. त्याच गटानं पुढे सोरायसिन या प्रथिनावर काम केलं. ते पेप्टाइडापेक्षा आकारानं मोठं, पण काम तेच. सोरायसिसच्या चट्ट्यात ते भरमसाट असतं आणि निरोगी कातडीवरही थोडं असतंच. निरोगी माणसाच्या बोटावर शेणात, आतड्यात राहणारा इ. कोलाय जंतू लावला तर तो थोड्या वेळात मरतो, कारण त्याला लागणारं जस्त सोरायसिन पकडून ठेवतं. स्टॅफिलोकोकस हा पू करणारा जंतू मात्र तिथेच तगून राहतो. रोज गोठा काढणाऱ्या, अंगण सारवणाऱ्या हातांवर इ. कोलाय मुक्काम का ठोकत नाही, याचं हे एक मोठं कारण. (म्हणून हात न धुता जेवायला बसू नका. मरायच्या आधी तो भाकरीवर पोचलेला असतो.)

मग हे चांगलंच झालं की, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या कातडीत आयएल-१७ आणि आयएल-२२ या नावांचे निरोप्ये सतत ओरडत असतात की जंतू आलेत. जंतू नसतात. तरी कातडीच्या पेशी पेप्टाइडं ओतत राहतात. २००७ मध्ये यातली एक मोठी कडी उलगडली. एरवी आपल्या मेलेल्या पेशीतला डीएनए बाहेर सांडला तर प्रतिकारशक्ती त्याकडे कानाडोळा करते. एलएल-३७ त्या डीएनएला चिकटून त्याचं असं गाठोडं करतं की ते पहारेकरी पेशींच्या आतपर्यंत पोचतं आणि विषाणू शिरल्याची बोंब उठते. बोंब उठली की सूज, सूज आली की आणखी पेप्टाइडं, की आणखी सूज. डिफेन्सिनच्या जनुकाच्या प्रती काही माणसांत कमी असतात, काहींत जास्त, आणि जास्त प्रती असणाऱ्यांत सोरायसिसचा धोका वाढलेला दिसतो. चट्ट्यात पू होत नाही, ही त्या आजारानं वसूल केलेल्या किमतीची दुसरी बाजू आहे.

याचा पुरावा उपचारांतूनही मिळतो. सोरायसिससाठी आता आयएल-१७ अडवणारी इंजेक्शनं आहेत. महाग आहेत, पण चट्टे झपाट्यानं साफ होतात. त्यांचा एक ओळखीचा दुष्परिणाम म्हणजे तोंडात कँडिडा बुरशीचा पांढरा थर. बुरशीपासून तोंड राखणारं यंत्रच आपण थोडं मंद केलेलं असतं. थर औषधानं जातो, घाबरण्यासारखं नसतं, पण रुग्णानं जिभेवर पांढरं दाखवलं की मला औषध आपल्या ठिकाणी पोचल्याचं कळतं. चेहरा लाल पडणाऱ्या रोझेशिया या आजारातही एलएल-३७ जास्त असतं आणि चुकीच्या ठिकाणी कापलं जातं.

मुलाकडे वळू. त्याच्या कातडीत निरोप्ये वेगळे आहेत, आयएल-४ आणि आयएल-१३. दमा आणि सर्दीच्या ॲलर्जीतलेच. त्यांच्या अमलाखाली कातडीची पेशी जंतू समोर दिसत असूनही पेप्टाइडांचं उत्पादन वाढवत नाही. इसबवाल्यांच्या घामातलं डर्मसिडिन हे पेप्टाइडही कमी आढळतं. त्यात कातडीचा वरचा थर मुळातच कोरडा, भेगाळलेला, वर नखं. अशा जागी स्टॅफिलोकोकस ऑरियस ठाण मांडतो. इसबाच्या चट्ट्यावर तो सुमारे ७० टक्के रुग्णांत सापडतो. हा जंतू नुसता बसून राहत नाही. आपल्या पटलावर धन भाराचे रेणू चिकटवून तो पेप्टाइडांना लांब ठेवतो आणि एलएल-३७ कापणारी विकरंही सोडतो.

'मातीत जात नाही तरी पिकतं' याचं उत्तर यातच आलं. हा जंतू मातीतून येत नाही, तो माणसांकडून येतो. नाकपुडीत त्याचं घर असतं, कदाचित तुमच्याच, किंवा पोराच्या आईच्या, किंवा पोराच्या स्वतःच्या. नखांखाली असतो. सगळ्यांनी बोटं बुडवलेल्या तेलाच्या वाटीत, घरभर फिरणाऱ्या एकाच टॉवेलवर असतो. लेकराला अंगणात खेळू द्या. वाटी आणि टॉवेल तेवढे वेगळे करा.

आणि आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक द्राव ओतणं आजच थांबवा. जवळपास प्रत्येक घरी हे चालतं, म्हणून विचारल्याशिवाय सांगतोय. कातडीवर राहणारे काही भले जिवाणू स्वतःच स्टॅफ ऑरियसला मारणारी पेप्टाइडं बनवतात. अमेरिकेत सॅन डिएगोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की इसबवाल्यांच्या कातडीवर नेमके हेच जिवाणू कमी असतात. जंतुनाशक उरलेसुरलेही मारतं, कातडी आणखी कोरडी करतं आणि स्टॅफ दोन दिवसांत परत येतो. साबणाचंही तसंच. कातडी जराशी आम्ल असते, कपड्याच्या काय आणि अंगाच्या काय, साध्या साबणवडीचा स्वभाव अल्कली. त्यात आपल्याकडचं बोअरचं क्षाराचं पाणी. साबण काख, जांघ, पाय एवढ्यापुरता ठेवा. ब्लीचच्या पाण्यानं आंघोळ घालण्याचा सल्ला परदेशी लेखांत दिसेल. गावात मिळणाऱ्या ब्लीचिंग पावडरीची ताकद डब्यागणिक वेगळी असते, त्यामुळे घरच्या घरी तो प्रयोग मी कुणालाही करू देत नाही.

व्हिटॅमिन डीचं प्रकरण जरा तपशिलात सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त तथ्य तिथे आहे. २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी दाखवलं की पांढऱ्या पेशीला क्षयाचा जंतू जाणवला की ती व्हिटॅमिन डी वापरून एलएल-३७ बनवते आणि त्यानं जंतू मारते. रक्तात व्हिटॅमिन डी कमी असेल तर हे पेप्टाइड नीट बनत नाही. औषधं येण्याआधी क्षयाच्या रुग्णांना उन्हात का झोपवायचे, कातडीच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार करणाऱ्या नील्स फिन्सन यांना १९०३ चं नोबेल का मिळालं, यामागचं एक कारण अचानक हाती लागल्यासारखं झालं. सगळ्यांना वाटलं, आता व्हिटॅमिन डी दिलं की काम फत्ते. मग मंगोलियात सुमारे ८,८०० शाळकरी मुलांवर चाचणी झाली, निम्म्यांना तीन वर्षं दर आठवड्याला व्हिटॅमिन डी. रक्तातली पातळी छान वाढली. क्षयाचा संसर्ग होणं कमी झालं नाही. २०२० मध्ये तो निकाल छापून आला. पेशीत जे घडतं ते अख्ख्या माणसात तसंच घडेल असं नाही. आणि यात उंदरावरचे प्रयोगही फार कामाचे नाहीत, कारण व्हिटॅमिन डीनं हे पेप्टाइड वाढवण्याची सोय माकडं आणि माणूस यांच्या कुळातच आहे.

गंमत म्हणजे तुमच्या चट्ट्यांवर मी लिहून देईन ते कॅल्सिपोट्रिऑल मलम व्हिटॅमिन डीचंच भावंड आहे आणि ते सोरायसिस कमी करतं. वाढलेल्या आयएल-१७ चा जोर मोडून ते बीटा-डिफेन्सिन आणि सोरायसिन खाली आणतं. एकाच जीवनसत्त्वाचे हे दोन स्वभाव, कुठे आणि कशासोबत यावर अवलंबून. म्हणून मुलाचं व्हिटॅमिन डी तपासून कमी असेल तर भरून काढा, हाडांसाठी ते हवंच. मेडिकलमध्ये मिळणारी ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक अशी महिनोन् महिने कुणाच्याही सांगण्यावरून चालू ठेवू नका. रक्तात कॅल्शियम चढून किडनीला त्रास झालेली माणसं आम्ही पाहतो.

मराठवाड्यातल्या घरांसाठी आणखी एक आडवळण. यकृत हेप्सिडिन नावाचं पेप्टाइड बनवतं. २००० च्या सुमारास ते जंतुविरोधी म्हणून सापडलं, मग कळलं की शरीरातल्या लोहाचा कारभार तेच पाहतं. जंतूंनाही लोह लागतं, म्हणून संसर्ग झाला की हेप्सिडिन वाढतं आणि आतड्यातून लोह रक्तात शिरू देत नाही. सारखं पिकणाऱ्या लेकराला लोहाचं सिरप देऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल तर सिरप बदलण्याआधी पिकणं थांबवा.

'पेप्टाइडची ट्यूब' म्हणाल तर ती तुमच्या घरात बहुधा आहे. जखमेवर भुरभुरायची जी पावडर किंवा मलम मेडिकलवाला देतो, त्यात पुष्कळदा पॉलिमिक्सिन बी आणि बॅसिट्रासिन असतं. दोन्ही जिवाणूंनी बनवलेली पेप्टाइडंच. सोबतच्या निओमायसिनची काहींना ॲलर्जी येते, म्हणून इसबावर ती रोज लावू नका. पॉलिमिक्सिनच्याच घरातलं कोलिस्टिन आयसीयूत शेवटचा उपाय म्हणून वापरतात, किडनी सांभाळत. ते कोंबड्यांच्या खाद्यात वजन वाढवायला घालत होते. २०१५ मध्ये चीनमधून बातमी आली की कोलिस्टिनला दाद न देणारं जनुक एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारतंय, आणि २०१९ मध्ये भारतानं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. पेप्टाइडांना जंतू सरावत नाहीत असं सांगणाऱ्यांनी हे उदाहरण वाचावं.

माणसाचीच किंवा बेडकाचीच पेप्टाइडं औषध म्हणून का येत नाहीत? तोंडानं घेतली तर पोटात डाळीच्या प्रथिनासारखी पचून जातात. रक्तातल्या क्षारांत आणि प्रथिनांत बरीचशी निकामी होतात. बनवायला महाग पडतात. मॅगेनिनवर बेतलेलं पेक्सिगनान मलम मधुमेहाच्या पायाच्या जखमांसाठी आणायचा प्रयत्न झाला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं नकार दिला, २०१६ मधल्या मोठ्या चाचण्यांतही ते पडलं. आपल्याकडे मधुमेही पायाच्या जखमा इतक्या दिसतात की ते चाललं असतं तर मीच आधी लिहिलं असतं. सौंदर्याच्या क्रीमवर 'पेप्टाइड' लिहिलेलं दिसतं ते वेगळंच, त्याचा जंतूंशी संबंध नाही.

आता करायचं काय. मुलाच्या बाबतीत सगळ्यात स्वस्त गोष्ट आधी. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांना आढळलं की साधी पेट्रोलियम जेली कातडीवर लावली तर तिथली पेप्टाइडांची निर्मिती वाढते. जिला आजवर नुसता निष्क्रिय लेप समजत होते तिच्याबद्दल हे कळलं. तेव्हा वाढवायचंच असेल तर पावडरीपेक्षा ती लावा. थंडीत जेली उत्तम. एप्रिल-मे मध्ये बेचाळीस अंशांत जेली थापली तर लेकरू घामोळ्यांनी हैराण होईल, तेव्हा खोबरेल तेल किंवा पातळ लोशन. खोबरेल तेलानं चट्ट्यावरचा स्टॅफ घटल्याचं फिलिपिन्समधल्या एका चाचणीत दिसलंय. मोहरीचं तेल नको. आंघोळ कोमट पाण्यानं, पाच-दहा मिनिटांत उरका, टॉवेलनं घासू नका, टिपा, आणि अंग ओलसर असतानाच तेल लावा, दिवसातून दोनदा, सढळ हातानं. सहा वर्षांच्या लेकराला आठवड्याला पाव किलो लागतं. बहुतेक घरांत तेवढं महिन्याला जातं, आणि मग मलमाला गुण नाही अशी तक्रार येते.

स्टेरॉइड मलमाची भीती आणि त्याचा अतिरेक, दोन्ही आपल्याकडे एकाच गल्लीत भेटतात. डॉक्टरनं वय आणि जागा पाहून दिलेलं सौम्य स्टेरॉइड सांगितलेल्या दिवसांपुरतं लावा. सूज उतरली की आयएल-४ चा दाब कमी होतो, कातडी सावरते आणि स्टॅफही घटतो. मेडिकलवरून परस्पर आणलेली तिहेरी मलमं मात्र, एकाच ट्यूबमध्ये जहाल स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध, पोराच्या अंगाला लावू नका. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून तीच ट्यूब नायट्यापासून खरजेपर्यंत घरभर फिरते. कातडी पातळ होते, नायटा अंगभर पसरतो. गेल्या काही वर्षांत नायट्यानं आपल्याकडे जो धुमाकूळ घातलाय त्यात या ट्यूबांचा वाटा मोठा आहे. पिकलं की अँटिबायोटिक लागेल तेव्हा कोर्स पूर्ण करा. पिकलेलं नसताना 'आधीच' म्हणून देऊ नका.

तुमच्यासाठी थोडक्यात. स्टेरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शन, आणि कशात काय आहे ते न सांगणाऱ्या पुड्या, दूर ठेवा. त्या बंद केल्या की सोरायसिस उसळून अंगभर पसरतो, कधी पिवळे फोड येतात. ते फोड दिसायला पू, पण त्यांत जंतू नसतो. खपल्या वजरीनं घासून काढू नका, जिथे ओरखडा तिथे नवा चट्टा. सांधे सकाळी आखडत असतील तर पुढच्या भेटीत सांगा. इंजेक्शनं घ्यायची वेळ आली तर आधी क्षयाची तपासणी करून घ्या, आपल्या भागात ती टाळून चालत नाही.

येणाऱ्या बाळाला इसब होऊ नये याची हमी देणारं काही नाही. जन्मापासून रोज मॉइश्चरायझर लावून इसब टळतं का, हे ब्रिटन आणि नॉर्वे-स्वीडनमधल्या मोठ्या चाचण्यांनी तपासलं, २०२० मध्ये निकाल आले, आणि टळत नाही असंच दिसलं. पण जन्मतः बाळाच्या अंगावर जो पांढरा चिकट लेप असतो, त्यात एलएल-३७ आणि डिफेन्सिनं असतात. तो घाण नाही. जागतिक आरोग्य संघटना पहिली आंघोळ निदान चोवीस तास लांबवायला सांगते. घरातल्या मोठ्या बायांना हे आधीच समजावून ठेवा, दवाखान्यातून घरी आल्यावर नाही. पहिलं घट्ट पिवळं दूध पिळून टाकू देऊ नका, त्यात लॅक्टोफेरिन आणि जंतूंना रोखणारे असे बरेच पदार्थ दाट असतात. अंगावरची लव जावी म्हणून डाळीच्या पिठाचे गोळे फिरवतात, तेवढं या बाळाला माफ करा. बापाला सोरायसिस, भावाला इसब, त्याची कातडी आधीच नाजूक असण्याची शक्यता आहे.

शेवटी एक गोष्ट, जी पिकण्याहून वेगळी आहे आणि जिच्यात वेळ घालवून चालत नाही. इसबाच्या जागी, विशेषतः चेहऱ्यावर, एकाच मापाचे बारीक फोड उठले, मध्ये खळगा, फुटून कातरल्यासारखे गोल व्रण, सोबत ताप आणि लेकरू मलूल, तर तो नागिणीच्या भाऊबंदातला हर्पीसचा विषाणू आहे. एलएल-३७ त्याला मारू शकतं, आणि ज्यांच्यात ते फारच कमी असतं अशा इसबवाल्यांत हा प्रकार जास्त दिसतो. अशा वेळी त्यावर स्टेरॉइड मलम लावू नका, सकाळपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी लातूरला किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. असायक्लोव्हिर हे या विषाणूवरचं औषध वेळेत सुरू झालं तर मूल सुधारतं. डोळ्याजवळ फोड असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरलाही दाखवा. आणि घरात कुणाच्या ओठाच्या कडेला तापानंतर येतात तसे फोड आलेले असतील तर ते वाळेपर्यंत त्या माणसानं पोराचा मुका घ्यायचा नाही, मग ती आजी का असेना.